रिअॅलिटी स्पर्धा आणि सुपरहिरोपट पाहून स्वतःचे मत कसे बनवावे

रिअॅलिटी स्पर्धेचा भाग संपला किंवा सुपरहिरोपट पाहून झाला, की आपल्यापैकी बहुतेकजण तासाभरात मत देऊन मोकळे होतात: अमक्यावर अन्याय झाला, तमकाच जिंकायला हवा होता, शेवट फसला, खलनायक भाव खाऊन गेला. अशी मते निकालावर बेतलेली असतात, आणि या दोन्ही प्रकारांत निकाल हीच सर्वांत कमी भरवशाची गोष्ट असते. बहुतेक स्पर्धांचे चित्रीकरण प्रसारणाच्या कितीतरी आधी उरकलेले असते आणि आपल्यासमोर येते ती त्या दिवसांतून निवडून जुळवलेली कथा. सुपरहिरोच्या कथेत तर नायक तरून जाणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असते. म्हणून ज्याला या मनोरंजनाविषयी मनापासून काही लिहायचे आहे, त्याने निकाल बाजूला ठेवून कसोटीकडे पाहायला शिकावे, असे मी आग्रहाने सांगेन. कसोटी कोणती लावली, ती काय मोजणार असे सांगितले गेले, प्रत्यक्षात तिने काय मोजले आणि तिला सामोरे जाताना माणूस कसा वागला, एवढे ज्याला सांगता येते त्याचे मत इतरांनी वाचण्याजोगे होते.

आधी कसोटी ओळखा

वरकरणी इतके वेगळे असलेले दोन प्रकार एकाच नजरेने कसे पाहता येतील, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर मला एका जुन्या कार्यक्रमात सापडले. स्पायडर-मॅनच्या जन्मदात्यांपैकी एक असलेल्या स्टॅन ली यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील साय-फाय वाहिनीवर 'हू वाँट्स टु बी अ सुपरहिरो?' ही स्पर्धा घेतली. स्पर्धकांनी स्वतः कल्पिलेल्या सुपरहिरोच्या नावाने आणि वेषात तिच्यात उतरायचे होते; जिंकणाऱ्याच्या पात्रावर कॉमिक निघणार होते. पहिल्याच भागात त्यांना सांगण्यात आले, की कोणाच्या नकळत कपडे बदलून आपला वेष चढवायचा आणि लवकरात लवकर ठरलेल्या जागी पोहोचायचे. वाटेत एक लहान मुलगी आई सापडत नाही म्हणून रडत होती. काही स्पर्धक तिच्यापाशी थांबले, काही तिच्या शेजारून तसेच धावत गेले. मग उघड झाले, की परीक्षा वेगाची नव्हतीच. त्या मुलीसाठी कोण थांबतो, एवढेच पाहायचे होते.

पाच वर्षांनी, २०११ मध्ये आलेल्या 'कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अव्हेंजर' या चित्रपटातही अशीच कसोटी आहे. लष्करी छावणीत कवायत चाललेली असताना एक अधिकारी नकली हातबॉम्ब जवानांच्या घोळक्यात फेकतो. धडधाकट जवान आडोसा शोधत पळतात, आणि धापा टाकणारा, किरकोळ अंगाचा स्टीव्ह रॉजर्स त्या बॉम्बवर पालथा पडून इतरांना दूर जा म्हणून ओरडतो. त्याला अजून कोणतीही शक्ती मिळालेली नसते. चित्रपटभर तो पुढे जे काही करतो, त्यातले मला हेच सर्वांत मोलाचे वाटते.

दोन्ही कसोट्या एका जातीच्या आहेत. सांगितले एक आणि मोजले दुसरेच. तरीही दोहोंविषयी माझे मत सारखे नाही. चित्रपटात बॉम्बपासून पळणारे जवान पात्रे आहेत आणि कोणाचेही खरे आयुष्य त्या क्षणाला बांधलेले नाही. स्पर्धेत मात्र मुलीजवळून धावत गेलेला माणूस खरा होता, त्याला 'लवकर पोहोचा' हाच नियम दिला गेला होता आणि तो नियम पाळल्याबद्दलच त्याला परक्या लोकांसमोर कमीपणा घ्यावा लागला. दाखवायची गोष्ट सुंदर होती. पण कसोटीच्या प्रामाणिकपणाला मी पूर्ण गुण देणार नाही. निकालावर थांबले असते तर या दोन प्रसंगांतला फरक माझ्या लक्षात आला नसता. आपण जे पाहिले त्यातली अशी एक मध्यवर्ती कसोटी आधी शोधा आणि ती एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर मत देण्याची वेळ अजून आलेली नाही असे समजा.

दोनदा पाहा

पहिल्यांदा पाहताना हातात वही घेऊ नये. हसू आले तर हसावे, राग आला तर येऊ द्यावा. हा कच्चा अनुभवच पुढच्या सगळ्या विचाराचे भांडवल असतो. दुसऱ्यांदा मात्र वही हवी आणि तिच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने हवेत: डावीकडे 'दिसले' आणि उजवीकडे 'वाटले'. गाण्याच्या स्पर्धेतील एका प्रसंगाची नोंद अशी होऊ शकते. दिसले: गाणे संपले, परीक्षक काही क्षण बोलला नाही, पडद्यावर स्पर्धकाचा चेहरा, मागे तंतुवाद्यांचा एकच लांबवलेला स्वर. वाटले: परीक्षक नाराज आहे. आता डावा रकाना पुन्हा वाचला, तर त्यात नाराजीचा एकही पुरावा नाही हे ध्यानात येते. ती नाराजी लांबवलेल्या स्वराने आपल्या मनात पेरलेली असते. परीक्षक कदाचित पाण्याचा घोट घेत असेल.

या कामी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे आवाज बंद करण्याचे बटण. मी एकदा एका स्पर्धक स्त्रीविषयी ती उद्धट आणि इतरांना तुच्छ लेखणारी असल्याचे ठामपणे लिहिले होते. कार्यक्रमाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. काही दिवसांनी तोच भाग आवाजाविना पाहिला, तेव्हा दिसले की माझा सगळा पुरावा म्हणजे इतर बोलत असताना तिच्या चेहऱ्यावर आलेल्या तिरकस हसूचे तीन लहान तुकडे होते. त्या तिन्ही तुकड्यांत तिचे मनगट मोकळे होते, आणि त्याच प्रसंगातल्या बाकीच्या दृश्यांत त्याच मनगटावर पांढरी पट्टी बांधलेली होती. ते हसू त्या संभाषणातले नव्हतेच. कुठल्या तरी दुसऱ्या वेळचे उचलून तेथे बसवले होते. मी लिहिलेले मागे घेतले, आणि तेव्हापासून मनगटे, केसांची ठेवण, पेल्यातील पाण्याची पातळी, भिंतीवरच्या उन्हाची जागा यांकडे लक्ष ठेवतो.

सुपरहिरोपटाचेही दुसरे पाहणे असेच करावे. मारामारीचे एखादे लांबलचक दृश्य निवडा आणि कोण कोठे उभा आहे, कोणाला काय हवे आहे आणि दृश्याच्या शेवटी कोणती परिस्थिती बदलली, हे तीन ओळींत लिहा. जमले तर दृश्य नीट रचलेले आहे. नाही जमले आणि पडद्यावर फक्त पडझड झाली असेल, तर 'भव्य' हा शब्द वापरण्यापूर्वी थांबावे.

कसोटी काय मोजते ते तपासा

स्पर्धेविषयी मत देताना हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि येथे थोडे थांबायला हवे. प्रत्येक स्पर्धा काहीतरी मोजण्याचे वचन देते: उत्तम गायक, उत्तम आचारी, उत्तम रचनाकार. त्या वचनाशी कसोटी किती इमानदार आहे, ते नियम वाचून कळते.

'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' ही स्पर्धा २०१० मध्ये सुरू झाली. तिच्यातील 'टेक्निकल' फेरीत सर्वांना एकच पदार्थ करायला सांगतात आणि कृती मुद्दाम त्रोटक देतात. भट्टीचे तापमान किंवा वेळ स्पर्धकाने अनुभवाने ठरवायची असते. तयार पदार्थ ओळीने मांडले जातात आणि कोणता कोणाचा हे परीक्षकांना माहीत नसते. हाताला वळण आहे की नाही हे मोजण्याची याहून सरळ रीत मला क्वचितच पाहायला मिळाली आहे. या स्पर्धेतील विजेत्याला रोख बक्षीस नसते, आणि तिथला स्पर्धक दुसऱ्याच्या टेबलाशी जाऊन मदत करताना दिसतो त्याचे एक कारण मला हेही वाटते.

'द व्हॉइस' या स्पर्धेचा आराखडा २०१० मध्येच नेदरलँड्समध्ये आकाराला आला. परीक्षक पाठ करून बसतात, फक्त आवाज ऐकतात आणि पसंत पडला तर खुर्ची वळवतात. कल्पना देखणी आहे. पण पाठ वळवण्याचा नियम त्या एका फेरीपुरताच असतो. पुढच्या फेऱ्यांत चेहरा, वय, पोशाख आणि पूर्वायुष्य सगळे समोर असते. शिवाय त्या खुर्च्यांपर्यंत पोहोचण्याआधी निर्मात्यांच्या माणसांनी घेतलेल्या चाचण्यांतून उमेदवार निवडून आलेले असतात आणि तेथे कोणी पाठ केलेली नसते. तेव्हा 'येथे फक्त आवाज महत्त्वाचा' हे वाक्य आपल्या लिखाणात जसेच्या तसे उतरवू नये.

प्रेक्षकांच्या मतदानावर चालणाऱ्या स्पर्धा आणखी वेगळ्या असतात. 'अमेरिकन आयडल' २००२ मध्ये सुरू झाली. तिच्या गाजलेल्या सुरुवातीच्या पर्वांत एकाच प्रेक्षकाला पुन्हा पुन्हा फोन करून मत देता येत असे. असे मतदान गाण्याचा दर्जा मोजत नाही. ते चाहत्यांची चिकाटी मोजते. जेनिफर हडसन २००४ च्या पर्वात सातव्या क्रमांकावर बाहेर पडली आणि २००७ मध्ये तिने 'ड्रीमगर्ल्स' या चित्रपटासाठी सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर स्वीकारले. म्हणून ते मतदान खोटे होते असे म्हणता येणार नाही. त्या आठवड्यात कोणासाठी किती लोक फोन घेऊन बसले, याचे उत्तर त्याने खरेच दिले होते. चूक होते ती त्या उत्तराला 'सर्वोत्तम गायक' हे नाव देताना. त्यामुळे मतदानाने ठरलेल्या निकालावर रागावण्याआधी कोणाला किती मते देता येत होती आणि त्यासाठी किती वेळ होता, हे शोधून लिहावे.

काही स्पर्धांत कसोटी हरणे हाच जिंकण्याचा मार्ग असतो, आणि असे प्रसंग पाहणाऱ्याच्या समजेची परीक्षा घेतात. 'सर्व्हायव्हर' या स्पर्धेत स्पर्धकच एकमेकांना मतदानाने बाहेर काढतात आणि शेवटी बाद झालेले स्पर्धक विजेता निवडतात. तिचे पहिले अमेरिकी पर्व २००० मध्ये बोर्निओजवळच्या एका बेटावर झाले: १६ स्पर्धक, ३९ दिवस, दहा लाख डॉलरचे बक्षीस. शेवटच्या तिघांना एका मूर्तीवर हात टेकवून जास्तीत जास्त वेळ उभे राहायचे होते. जो टिकेल त्याने उरलेल्या दोघांपैकी कोणाला बाहेर काढायचे ते ठरवायचे. रिचर्ड हॅच याने काही तासांनी आपणहून हात काढला. तो थकून हरला असे वाटू शकते, पण गणित पाहा. तो जिंकला असता तर त्याला एक तर सर्वांच्या आवडत्या वयस्कर साथीदाराला अंतिम फेरीत न्यावे लागले असते आणि त्याच्यासमोर बक्षीस गमावण्याची भीती होती, किंवा त्याला स्वतः काढून त्याचे मत गमवावे लागले असते. त्याने निर्णयाचे ओझे दुसऱ्यावर टाकले. तिसरी स्पर्धक जिंकली, तिने त्या वयस्कर गृहस्थांना बाहेर काढले, आणि बाद झालेल्या सात जणांच्या मंडळाने हॅचला ४ विरुद्ध ३ मतांनी विजयी केले. त्या चारांत त्या गृहस्थांचेही मत होते. हे वागणे आवडणे न आवडणे ज्याच्या त्याच्या मनावर आहे. मला स्वतःला ते थंड वाटते. पण 'लायक नसताना जिंकला' असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण त्या स्पर्धेने जे मोजायचे ठरवले होते त्यात तोच सर्वांत पुढे होता.

कात्रीचा हिशेब

संकलनाविषयी दोन टोकाची मते नेहमी ऐकू येतात: एक म्हणते सगळे खरे आहे, दुसरे म्हणते सगळे आधीच ठरलेले असते. दोन्ही आळशीपणाची आहेत. अमेरिकेत १९५० च्या दशकात 'ट्वेंटी-वन' या प्रश्नमंजूषेत स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरवली जात होती. हर्बर्ट स्टेम्पेल या स्पर्धकाला, १९५५ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर 'मार्टी'ला मिळाले हे ठाऊक असूनही, मुद्दाम चुकीचे उत्तर द्यायला लावले गेले, आणि त्याच्या जागी आलेल्या लोकप्रिय चार्ल्स व्हॅन डोरेन याने नोव्हेंबर १९५९ मध्ये संसदीय समितीपुढे फसवणुकीची कबुली दिली. त्यानंतर १९६० मध्ये ज्ञान, बौद्धिक कौशल्य किंवा नशीब यांवर चालणाऱ्या स्पर्धेचा निकाल गुपचूप ठरवून प्रेक्षकांना फसवणे तेथे गुन्हा ठरला. पण घडलेल्या गोष्टी कोणत्या क्रमाने आणि किती दाखवाव्यात, यावर त्या कायद्याने बंधन घातलेले नाही. अनेक अमेरिकी स्पर्धांच्या शेवटी बारीक अक्षरांत असेही येते, की परीक्षकांनी निर्मात्यांशी चर्चा करून निर्णय घेतला. ती ओळ पडदा थांबवून वाचावी आणि आपल्या मतात तिला जागा द्यावी.

कात्री काय करू शकते याचे २०१४ चे एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. त्याच ब्रिटिश बेकिंग स्पर्धेत एका स्पर्धकाचे आइस्क्रीम दुसऱ्या स्पर्धक बाईंनी फ्रीझरमधून बाहेर काढले, ते वितळले, आणि संतापलेल्या त्या गृहस्थाने आपला सगळा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला. भागात हे अशा रीतीने जुळले होते, की बाईंनी जाणूनबुजून नुकसान केले असे हजारो प्रेक्षकांना वाटले आणि तक्रारींचा पाऊस पडला. मग कार्यक्रमाच्या सूत्रसंचालिकेने जाहीरपणे सांगितले, की आइस्क्रीम फक्त चाळीस सेकंद बाहेर होते. पडद्यावरचा वेळ आणि घड्याळावरचा वेळ यांत किती अंतर असू शकते, ते या चाळीस सेकंदांवरून कळते. आपल्या वहीत प्रत्येक वादग्रस्त प्रसंगापुढे 'हे किती वेळ चालले असेल?' हा प्रश्न लिहून ठेवण्याची सवय मी तेव्हापासून लावून घेतली.

आणखी एक खूण सांगतो. एकट्याने कॅमेऱ्यासमोर बसून दिलेली मुलाखत अनेकदा प्रसंगानंतर घेतलेली असते, तरी ती प्रसंगाच्या मध्येच पेरतात. अशा मुलाखतीत बोलणाऱ्याचा चेहरा मधूनच दिसेनासा होऊन आवाज तेवढा चालू राहिला, आणि त्याच वेळी बोलण्याची पट्टी किंचित बदलली, तर दोन वेगळी वाक्ये जोडली असण्याची शक्यता असते. ती शक्यताच आहे, सिद्ध गोष्ट नव्हे. लिहितानाही तिला तेवढेच वजन द्यावे.

समोर खरा माणूस आहे

स्पर्धकाविषयी लिहिताना त्याने काय केले यावर कितीही कठोर व्हावे. तो कसा माणूस आहे, यावर निवाडा देऊ नये. हा शिष्टाचाराचा मुद्दा नाही. 'सर्व्हायव्हर'चा आराखडा ज्या स्वीडिश कार्यक्रमातून पुढे आला, त्या १९९७ च्या 'एक्स्पेडिशन रॉबिन्सन'मधून सर्वांत आधी बाहेर पडलेल्या स्पर्धकाने प्रसारण सुरू होण्यापूर्वीच आत्महत्या केली होती. ब्रिटनमधील प्रसारण नियामक ऑफकॉमने सहभागी लोकांच्या मनःस्वास्थ्याची काळजी घेण्याविषयीचे नियम लागू केले ते एप्रिल २०२१ मध्ये. म्हणजे मधे जवळजवळ पाव शतक गेले. आपण लिहिलेले वाक्य त्या व्यक्तीने वाचले तर ते तिच्या कृतीविषयीच आहे असे तिला वाटेल का, एवढे एकदा पाहून मगच ते ठेवावे.

सुपरहिरोच्या कथेत किंमत शोधा

येथे निकाल ठरलेला असण्याची परंपराच आहे. सुपरमॅन जून १९३८ ची तारीख असलेल्या 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला, आणि १९५४ मध्ये अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेत तर प्रत्येक वेळी चांगल्याचा वाईटावर विजय झालाच पाहिजे असे कलम होते. ती संहिता गेली, तरी सवय राहिली. म्हणून 'शेवट आधीच कळला' ही तक्रार मला फारशी सकस वाटत नाही. जिंकण्यासाठी नायकाला काय गमवावे लागले आणि ते गमावणे टिकले का, हे पाहावे.

टिकणे फार महत्त्वाचे आहे. सुपरमॅनचा मृत्यू नोव्हेंबर १९९२ मध्ये विक्रीला आला आणि १९९३ मध्ये तो परतला. २०१८ च्या 'अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'च्या शेवटी स्पायडर-मॅन राख होऊन विरतो, तेव्हा त्याच्या पुढच्या चित्रपटाची तारीख जाहीर झालेली होती. तरीही मला तो प्रसंग खोटा वाटला नाही, कारण आपल्याला जायचे नाही असे म्हणत तो मुलगा टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, बिलगतो आणि टोनीचे हात रिकामे होतात. तेथे किंमत टोनीने चुकवलेली असते. २०१९ च्या 'एंडगेम'मध्ये टोनी स्वतः जातो, ते त्या मालिकेतील बावीस चित्रपटांचे संचित घेऊन, आणि म्हणून ते लागते. पात्र मेले की नाही यापेक्षा कोणाच्या हातून काय निसटले, याची नोंद वहीत करावी.

जवळून पाहण्याजोगा एक प्रसंग २००४ च्या 'स्पायडर-मॅन २'मधला आहे. भरधाव आगगाडी थांबवताना पीटर पार्करचा मुखवटा गेलेला असतो. गाडी थांबते, तो शुद्ध हरपून पुढे कोसळू लागतो, आणि डब्यातील माणसांचे हात त्याला मागे ओढून, डोक्यावरून उचलत आत नेतात. सगळे त्याचा उघडा चेहरा पाहतात. हा तर पोरगेलासा मुलगा आहे, असे कोणी तरी म्हणते. मग दोन लहान मुले त्याचा मुखवटा परत देतात आणि कोणालाही सांगणार नाही असे वचन देतात. गाडी थांबवणे ही शक्तीची कसोटी होती. खरी कसोटी डब्यातल्या लोकांची होते आणि ते तीत उतरतात. सुपरहिरोपट चांगला आहे की नाही हे ठरवताना मी नेहमी पाहतो, की त्यात सामान्य माणसांना काही करायला दिले आहे का, की ती फक्त पळायला आणि वर पाहायला ठेवली आहेत.

'द डार्क नाइट' या २००८ च्या बॅटमॅनपटात तर खलनायक चक्क एक स्पर्धाच मांडतो. दोन बोटी, एकीत नागरिक, दुसरीत कैदी, प्रत्येकीजवळ दुसरी उडवण्याचे यंत्र आणि मध्यरात्रीची मुदत; तोवर कोणीच यंत्र चालवले नाही तर दोन्ही बोटी उडणार. नागरिक चिठ्ठ्या टाकून मतदान करतात आणि मोठ्या बहुमताने कैद्यांची बोट उडवण्याचा निर्णय होतो. पण यंत्राची किल्ली फिरवायला कोणाचाही हात धजत नाही. दुसऱ्या बोटीत एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याकडून यंत्र मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकून देतो. चिठ्ठीवर मत देणे आणि स्वतःच्या हाताने ते अमलात आणणे यांत केवढी दरी आहे, हे घरबसल्या फोनवरून स्पर्धक काढून टाकणाऱ्या प्रेक्षकाला इतक्या थेटपणे दुसऱ्या कोणी दाखवलेले मला माहीत नाही.

२०१८ चा 'ब्लॅक पँथर' सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला पहिला सुपरहिरोपट. त्यात धबधब्याच्या काठावर राजपदासाठी द्वंद्व होते आणि नियमाप्रमाणे राजाची विशेष शक्ती आधी काढून घेतली जाते. कसोटी निष्पक्ष आहे, राजपदावर हक्क सांगणारा खलनायक एरिक किलमाँगर ती नियमाने जिंकतो, आणि तरीही राज्य चुकीच्या हातात जाते. कारण द्वंद्व हाताचे बळ मोजते, राज्य चालवण्याची बुद्धी मोजत नाही. मात्र आपल्या देशाने जगातील पीडितांकडे पाठ फिरवू नये, हा किलमाँगरचा युक्तिवाद खोडून काढता येत नाही, आणि नायकही शेवटी आपल्या देशाचे दार जगासाठी उघडतो. खलनायकाचे म्हणणे बाजूला ठेवून केवळ त्याच्या क्रौर्यावर लिहिले, तर या चित्रपटाचा गाभाच हातून सुटतो.

श्रेयनामावली सुरू झाली की उठू नये, आणि ती फक्त शेवटी येणाऱ्या पुढच्या भागाच्या झलकेसाठी पाहू नये. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी त्याचे हक्क १३० डॉलरला विकले होते. बॅटमॅनच्या घडणीत मोठा वाटा असलेल्या बिल फिंगर यांचे नाव अधिकृत श्रेयात आले ते २०१५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर चार दशकांनी. न्यायाच्या कथा सांगणाऱ्या उद्योगाने आपल्याच माणसांना न्याय द्यायला इतका काळ लावावा, याचे मला आजही वाईट वाटते. मत लिहिताना लेखक आणि चित्रकारांची नावे त्यात यावीत, ती याचसाठी.

लिहायला बसताना

पहिल्या वाक्यात कसोटी सांगा, दुसऱ्यात तिने काय मोजले ते. मग डाव्या रकान्यातील एखादाच प्रसंग निवडून तो इतका नेमका लिहा, की कार्यक्रम न पाहिलेल्याच्याही डोळ्यांसमोर उभा राहील. शेवट फोडायचा असेल तर तसे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे. 'मला आवडले' आणि 'हे चांगले आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत आणि दोन्ही करण्याचा अधिकार आपल्याला आहे. फक्त दुसऱ्याला कारण द्यावे लागते, पहिल्याला नाही. लिहून झाल्यावर एक रात्र मजकूर तसाच ठेवावा. सकाळी तो वाचताना 'नेहमी', 'कधीच', 'सगळे' आणि 'उघड आहे' या शब्दांखाली रेघ ओढावी आणि त्या प्रत्येकाला डाव्या रकान्यात आधार आहे का ते पाहावे. माझ्या वहीत अशा रेघांपैकी निम्म्याहून अधिक शब्द सकाळी खोडले जातात, आणि मनगटावरच्या पट्टीचा प्रसंग मी ज्या पानावर टिपला होता, ते पान त्या वेळी शेजारी उघडे ठेवतो.